डाव्या बाजूला गोदू

२३ एप्रिल २०१२, सोमवार

भावनाने ही डायरी दिली. तिच्या लॅबमध्ये औषध कंपनीवाले फुकट देऊन जातात, पानापानावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, डोकं कधी दुखतं, काय दिसतं, काय दिसत नाही, रोज लिहा. जे दिसतच नाही ते लिहायचं कसं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मी दमयंती काशिराम कोळी. वय चव्वेचाळीस, दहावी पास, पनवेलच्या मच्छी मार्केटात बावीस वर्षं बसते. भावना म्हणाली, आई, नाव कशाला लिहितेस, डायरी तुझीच आहे ना? म्हटलं, हरवली तर सापडणाऱ्याला कळायला नको का, कोणाच्या शिव्या वाचतोय ते?

शनिवारी पोरीने मला नवीन पनवेलला नेलं. हल्ली दाराच्या चौकटी मला धडकतात म्हणून. मला वाटलं चष्मा देतील. त्यांनी एका डब्यात तोंड घालायला लावलं. नजर समोर ठेवायची आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. दाबलं. डॉक्टर म्हणाले, फारच कमी दाबलंत. म्हटलं, डबा बिघडलाय तुमचा. भावनाने कपाळावर हात मारला. मग डॉक्टरांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि चप्पल कितव्या नंबरची विचारली. डोळ्यांच्या डॉक्टरला चप्पल कशाला हवी? पूर्वी सहा नंबर होता, आता पुरुषांची नऊ घालते. अंगठी चार वर्षांपूर्वी सोनाराने कापून काढली. वय झालं की माणूस जाड होतं, त्यात काय एवढं? पण त्यांनी डोक्याचा एमआरआय लिहून दिला.

डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. माझं नाक शाबूत आहे. अख्ख्या मार्केटात मासा ताजा की शिळा यावर भांडण झालं की तो मासा माझ्यासमोर येतो. माझ्या आईने, सोनाबाईने, मला शिकवलं होतं: कल्ल्याशी नाक न्यायचं आणि एकच श्वास घ्यायचा. दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं आणि खोटं बोलायला लागतं. लिलावात मी बर्फाच्या पाटीवरून नुसती वाकून गेले तरी व्यापारी श्वास रोखून धरतात.

डोकं दुखलं. दुपारी. लिहिलं.

२६ एप्रिल, गुरुवार

गोदूने पाट सरकवला. दोन हात, माझ्या बाजूला!

गोदू माझ्या डावीकडे बसते. उजवीकडे भिंत, डावीकडे गोदू, असं माझं नशीब. माझा ओटा दरवाजाजवळचा, येणारं गिऱ्हाईक आधी मलाच बघतं. त्या ओट्यावरून आमचं आठ वर्षांपूर्वी वाजलं होतं, तेव्हापासून बोलतो ते तिरकंच. हल्ली तर ती भुतासारखी उगवते. आत्ता बाजूला कोणी नव्हतं आणि आत्ता गोदू कानाशी!

मी विचारलं, "काय गं, माज्या ओट्यावर डोला हाय काय तुजा?"

म्हणाली, "तिकडं पानी गलतंय वरनं."

वर बघितलं. पत्रा कोरडा ठणठणीत. एप्रिल महिन्यात पाणी गळतंय म्हणे! मी समजून चुकले. बसू दे. मी काही हलणार नाही.

एक बरं झालंय. गेल्या महिन्यात मांजर रोज पाटीतून काहीतरी पळवायचं आणि मला पत्ता लागायचा नाही. या आठवड्यात एकदाही फिरकलं नाही. माझी जरब बसली असणार.

३ मे, गुरुवार

डोक्यात गाठ आहे.

लिहून बघितलं. लिहिल्यावर काही वेगळं वाटत नाही.

डॉक्टर ताहिरा मुकादम म्हणून नाकाच्या डॉक्टर आहेत. मूळच्या पनवेलच्याच, आठवड्यातून दोनदा इथे बसतात आणि एरवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करतात. मला बघून आधी हसल्या. "तुम्ही सोनाबाईंच्या दमयंती ना? अम्मी त्यांच्याकडूनच मासे घ्यायची. दुसऱ्याकडचं पापलेट आमच्या घरात चढायचंच नाही." मग हसू बाजूला ठेवलं आणि पडद्यावर माझं डोकं दाखवलं.

नाकाच्या मागे, मेंदूच्या खाली, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर मोठ्या सुपारीएवढी गाठ आलीय. कॅन्सर नाही. पण ती नको तो रस सोडतेय, म्हणून माझे हातपाय वाढलेत. आणि तिच्या बरोबर वरून डोळ्यांच्या नसा जातात, त्यांना ती खालून ढकलतेय. म्हणून मला समोरचं दिसतं आणि दोन्ही बाजूंचं दिसत नाही.

मी म्हटलं, "दिसतं की मला सगळं."

त्यांनी मला समोर बघायला सांगितलं आणि विचारलं, "माझा हात दिसतोय?" म्हटलं, हात कुठाय? "वळा," म्हणाल्या. वळले. हात माझ्या कानापासून वीतभरावर होता आणि त्या बोटं नाचवत होत्या.

मी घाबरले. इथे लिहायला हरकत नाही, वाचणार कोण आहे?

ऑपरेशन नाकातून. दोन्ही नाकपुड्यांतून दुर्बीण आणि बारीक हत्यारं घालायची, मागचं पातळ हाड उघडायचं आणि गाठ काढायची. नाकाच्या डॉक्टर आणि मेंदूचे डॉक्टर दोघं मिळून. बाहेर एक टाका नाही. मी विचारलं, "आणि वास?" त्या म्हणाल्या, "काही महिने येणार नाही. बहुतेकांचा परत येतो. सगळ्यांचा येतोच, असं मी लिहून देणार नाही."

"बाई, माझं सगळं या नाकावर चाललंय."

"मला माहितीय. पण डोळे गेले तर ते मात्र परत येत नाहीत. वेळ घालवू नका. इन्शाअल्लाह नीट होईल."

येताना रिक्षात भावना रडली. मी नाही रडले. मला नाकही हवंय आणि डोळेही हवेत. एक घे आणि दुसरं ठेव, हे मी बाजारात कोणाला करू देत नाही, तर इथे का करू देऊ?

४ मे, शुक्रवार

नवऱ्याला सांगितलं. काशिराम बंदरावर माल उतरवण्याच्या कामाला आहे, उंच क्रेनखाली दिवसभर उभा राहतो. तो माणूस माझ्या नाकातल्या दुर्बिणीचं नाव ऐकून मटकन खाली बसला.

"डोक्याला हात लावायचा नाय," म्हणाला. "करंजाड्याच्या दयारामचा काय झाला? डोका उघडला, तवापासून त्याची वाचा गेली."

"माजा डोका उघडनार नाय. नाकातनं जानार."

"ते तर आनखीन वाईट! नाकातनं मेंदू फुटला तर? गोल्या घे, काय ते घे. मी सही देनार नाय."

शेजारपाजारहून दोघी-तिघी आल्या. एकीने सांगितलं, नाकातून गेलं की माणूस सगळं विसरतं. दुसरी म्हणाली, आवाज बदलतो. मी म्हटलं, तुमच्यासारखा झाला तर दुसरं ऑपरेशन करून घेईन. उठून गेल्या.

६ मे, रविवार

आज दाखवून दिलं.

मार्केटातून येताना दोन पापलेटं आणली. एक मोठं, एक त्याहून मोठं. काशिरामला ओसरीवर समोर बसवलं. पहिल्याचं पोट कोयत्याने उभं फाडलं, आतलं काढलं आणि म्हटलं, "ह्यो दयाराम."

दुसरं पापलेट भरायचं असतं तसं घेतलं. पोटाला हात लावला नाही. कल्ला उचलला, दोन बोटं आत घातली, आतडं चिमटीत धरून हळूच ओढलं. सगळं अखंड बाहेर आलं, पित्ताला धक्का नाही. मासा धुतला आणि त्याच्या हातात दिला. "बघ. कुटं कापलाय दाखव."

त्याने उलटा केला, सुलटा केला. बाहेरून मासा जसाच्या तसा होता.

"ही मी," म्हटलं. "बावीस वरसां हेच करतंय मी. जितं हात बसलाय, तितं वाट बारीक असली तरी चालते. त्या बाईचा हात बसलेला हाय. मी विचारलाय तिला किती केली. शंभराच्या वर."

त्याने मासा हातातून सोडला नाही. मग म्हणाला, "पन मासा मेलेला असतो गं."

 मी हार मानली नाही. म्हटलं, "म्हनून तर मी जिती असताना जातंय. सही तू दिलीस तर दे. नायतर माजी मी करीन, मना लिवता येतंय."

संध्याकाळी त्याने विचारलं, कागद कुठाय? सही केली आणि उठून खाडीवर निघून गेला. दोन्ही पापलेटं भावनाने तळली. बरी झाली होती.

९ मे, बुधवार

डोकं दुखलं, सकाळपासून. उजव्या खांद्याला चौकट लागली. गोदूने विचारलं, कसला विचार करतेस? म्हटलं, तुला ओटा कधी देऊ याचा. ती हसली नाही.

२८ मे, सोमवार

तारीख मिळाली, १४ जून. मीच मागून घेतली. दहा जूनपासून मासेमारी बंद, ती नारळी पौर्णिमेपर्यंत. बंदीत मार्केट तसंही अर्धं रिकामं असतं, नुसता बर्फाचा माल. माझं कोणाला अडणार नाही आणि कोणाला संधी मिळणार नाही.

आमच्याकडे रीत आहे. कोळीण आजारी पडली, बाळंत झाली, की ओट्यावर आपला पाट पालथा घालून जाते. पालथा पाट म्हणजे मी येणार आहे. तो कोणी उचलत नाही. सरळ पाट ठेवून गेलं तर ओटा सुटला.

गोदू म्हणाली, "मी बघीन तुजा ओटा."

"बघायची गरज नाय. पाट पालता घालनार हाय मी."

"ते म्हाईत हाय. पन पालत्या पाटावर धूल बसते."

धूळ बसते म्हणे! पुसायच्या निमित्ताने उचलायचा आणि सरळ करून ठेवायचा, एवढं कळत नाही का मला? मी पाटाला दोरी बांधून ओट्याच्या कडीला गाठ मारली. कोळणीची गाठ आहे, बघू कोण सोडतंय.

१३ जून, बुधवार. मुंबई, हॉस्पिटल

नाकातली चमकी काढायला लावली. पंचवीस वर्षांत काढली नव्हती, साबण लावून नर्स अर्धा तास खटपट करत होती. म्हटलं, पोरी, हळू, त्याच नाकातून उद्या पुष्कळांना जायचंय. हसली बिचारी.

काशिराम बाहेर बाकावर बसलाय. आत येत नाही. आला की मला बघतो आणि परत जातो.

खरं सांगायचं तर आज बशीतली कोथिंबीर, हात धुवायचा साबण, काशिरामच्या शर्टाला बंदरातल्या डिझेलचा वास, सगळं एकेक श्वास घेऊन बघितलं. लक्षात राहावं म्हणून. बास, आता लिहीत नाही.

१७ जून, रविवार

जिवंत आहे, आणि आठवणीही शाबूत आहेत. गोदूने आठ वर्षांपूर्वी काय काय म्हटलं होतं ते सगळं आठवतंय.

नाकात भरलेल्या पट्ट्या काल काढल्या. काढताना डोळ्यांसमोर काजवे चमकले. तोंडाने श्वास घेऊन घेऊन जीभ लाकडासारखी झालीय. पण गंमत सांगते. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी मी छताकडे बघत पडले होते. आणि छताकडे बघता बघताच एका बाजूला भावना दिसली, दुसऱ्या बाजूला सलाईनचा खांब. दोन्ही एकदम, मान न वळवता! मी ओरडले. नर्स धावत आली. मी म्हटलं, "खोली केवढी मोठी आहे ही!"

ताहिराबाई म्हणाल्या, नसा दबल्या होत्या, मेल्या नव्हत्या. अजून सुधारेल.

म्हणजे तो डबा बिघडलेला नव्हता. बरं, नसेल.

२० जून, बुधवार

घरी. नियमांचा कागद भावनाने भिंतीला लावलाय. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जोर करायचा नाही. गाठ काढल्यावर मागचं भोक नाकातल्याच पातळ कातडीने बुजवलंय, ते घट्ट बसायला दीड-दोन महिने लागतील.

वास नाही. कशाचाच. भाकरी म्हणजे नुसती गरम, चहा म्हणजे नुसता गोड. घरात बोंबील भाजले आणि मला भाजल्याचं आवाजावरून कळलं.

५ जुलै, गुरुवार

चूक केली. कोणाला सांगणार नव्हते, पण सांगावं लागलं.

तीन आठवडे झाले तरी वास येईना. रोज डब्यातल्या साबणाशी नाक नेते, काही नाही. आज वाटलं, साबण काय, साबणाला वास तो किती! जवळ्याच्या डब्यापुढे कोणाचं नाक गप्प बसेल? वर्षाचा सुकवलेला जवळा, झाकण काढलं की शेजारी दारं लावतात. मी झाकण काढलं, नाक खाली घातलं आणि आईने शिकवलेला एकच श्वास घेतला. पण खोल घेतला. छातीच्या तळापर्यंत.

वास आला नाही. जवळ्याची भुकटी मात्र सगळी वर गेली. आणि मग ज्या शिंका आल्या! अकरा मोजल्या. तोंड उघडायचं आठवलं तेव्हा सात होऊन गेल्या होत्या.

दुपारी खाली बघितलं की नाकातून थेंब पडायला लागले. पाण्यासारखे स्वच्छ. मला वाटलं सर्दी. जिभेला लागलं तर खारट. खाडीकाठची आहे मी, खारट पाण्याला कशाला घाबरू? पण भावना घरी आली, तिने एकदा बघितलं आणि फोन उचलला.

९ जुलै, सोमवार. हॉस्पिटल

ते मेंदूभोवतीचं पाणी होतं. बुजवलेलं भोक शिंकांनी उसवलं.

पाठीत बारीक नळी घातलीय, पाच दिवस सपाट पडून राहायचं. ताहिराबाई आल्या. मला वाटलं ओरडतील. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "जवळा?"

"हो."

"बोंबील किंवा सोडे नाही, डायरेक्ट जवळा?"

"होय हो."

"दमयंतीबाई, इन्फेक्शन झालं असतं तर मेंदूला झालं असतं. तुम्हाला कळतंय का? मी तुमचे डोळे वाचवले. माझ्या मेहनतीवर तुम्ही जवळा टाकलात."

मी म्हटलं, मला नाकाशिवाय मार्केटात बसता येणार नाही. त्या म्हणाल्या, "कोण म्हणालं?" मी म्हटलं, मी म्हणतेय. म्हणाल्या, "मग तुमच्याशीच भांडा, माझ्याशी नको." आणि गेल्या.

काशिराम आज आत येऊन बसला. माझ्या पायाला तेल लावत होता. म्हणाला, पाय बारीक झालेत तुजे. दोन तास बसला.

गोदूही येऊन गेली म्हणे, मी झोपले असताना. बघायला आली असेल, किती दिवस उरलेत माझे.

२ ऑगस्ट, गुरुवार. नारळी पौर्णिमा

गळती थांबली. पुन्हा ऑपरेशन लागलं नाही. आज चमकी परत घातली, नऊवारी नेसले आणि सगळ्यांबरोबर खाडीवर नारळ सोडायला गेले. लोकांनी वळून वळून बघितलं. बघू दे. ज्यांनी सगळं विसरेल, आवाज बदलेल म्हणून सांगितलं होतं त्यांच्यासमोरून मुद्दाम दोनदा गेले.

गोदू केसांत अबोलीची भली मोठी वेणी माळून आली होती. जवळ येऊन डोकं माझ्या नाकाशी आणलं. "वास कसा येतोय बग." मी काय तिला खरं सांगणार? म्हटलं, "घमघमाट सुटलाय नुसता. अर्दी खाडी दरवललीय." तिने माझ्याकडे टक लावून बघितलं आणि मागे सरली. दिवसभर परत जवळ फिरकली नाही. मी बरी होऊन आले ते रुचलं नाही तिला.

पाट पालथाच होता. गाठही तशीच. धूळ मात्र नव्हती.

८ ऑगस्ट, बुधवार

ओट्यावर बसले. पाटी हमाल उचलून देतो. श्रावण आणि रमजान एकदम आलेत, मार्केटात माणसांपेक्षा मांजरं जास्त.

वास नाही. कोणाला सांगितलं नाही. मासा नाकाशी नेते, एक श्वास घेतल्यासारखं करते, मान हलवते. लोक मान बघतात. माझं नाव अजून चालतंय. पण लिलावात पूर्वी पाटीवरून वाकलं की पुरायचं, आता डोळ्यांनी निवडते आणि प्रत्येक माशाचा कल्ला उचलायला कोण वेळ देतं?

पाटीतला एक बांगडा कमी भरला. मोजणीत चुकले असेन.

२१ ऑगस्ट, मंगळवार

मोजणी चुकत नव्हती. काल दोन बांगडे, आज एक हलवा. मांजर नाही, मांजर आता मला दोन्ही बाजूंनी दिसतं. माझ्या डावीकडे एकच प्राणी बसतो.

अशी वेळ आली! मी आजारी पडले, अर्धी मेले, आणि हिने माझ्या पाटीत हात घालायला सुरुवात केली. रंगेहाथ पकडल्याशिवाय बोलणार नाही. नजर समोर ठेवायची आणि बाजूचं बघायचं, हे मला आता डॉक्टरांच्या डब्याने शिकवलंय.

२६ ऑगस्ट, रविवार

पकडली. सगळं लिहिणार आहे.

श्रावण सुटल्यानंतरचा दुसरा रविवार, मार्केट गच्च. माझ्यासमोर कुमुदताई उभ्या होत्या. शाळेत मला मराठी शिकवायच्या, निवृत्त झाल्यापासून दर रविवारी माझ्याकडे येतात. पिशवी पुढे करतात आणि म्हणतात, तू देशील ते. वीस वर्षांत त्यांनी मासा कधी निवडला नाही.

मी त्यांच्याशी बोलत होते, नजर समोर. आणि डोळ्याच्या डाव्या कडेला गोदूचा हात हलला. माझ्या पाटीत गेला, एक बांगडा उचलला, स्वतःच्या नाकाशी नेला आणि पदराआड घेतला.

मी न वळताच तिचं मनगट धरलं. माझा पंजा अजून मोठा आहे, सुटणं शक्य नव्हतं. आणि जे तोंडात आलं ते बोलले. चोरटी म्हटलं. माझ्या मरणावर टपलीस म्हटलं. आठ वर्षांचं सगळं काढलं. अख्खं मार्केट गोळा झालं.

गोदूने हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. दुसऱ्या हाताने पदराआडून बांगडा काढला, माझ्या नाकाशी धरला आणि अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं विचारलं, "सांग. कसा हाय?"

मी श्वास घेतला. काही नाही. थंड हवा.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "अबोलीचा घमघमाट येतोय म्हनालीस, तवाच कललं मना."

अबोलीला वास नसतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. कोणाला माहीत नाही?

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काय गं गोदू, चोरलास काय?"

गोदूने सरळ मान वर केली आणि मोठ्याने म्हणाली, "हां, चोरला. ताजा व्हता, मना आवडला. काय करताव?"

तिथे सगळं संपलं असतं. ती चोर ठरली असती आणि माझ्या नाकाचं नाव तसंच राहिलं असतं. मी बांगड्याचा कल्ला उचलला. आत तपकिरी चिखल. बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. हा मासा मी कुमुदताईंच्या पिशवीत घालणार होते. असे किती तिने या अडीच आठवड्यांत माझ्या पाटीतून गुपचूप काढून टाकले असतील, माझ्या नावाला धक्का लागू नये म्हणून? आणि मी इथे रोज बसून तिच्या नावाने पानं भरत होते.

मी तिचा हात सोडला आणि ओट्यावर उभी राहिले. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, उभं राहायचं नाही असं कोणी सांगितलेलं नाही.

"हिनं चोरी नाय केली," मी ओरडले. "मासा कुजलाय. माज्या पाटीतला हाय. मना वास येत नाय. जूनपासनं येत नाय. येतो असा सांगत व्हते ते सगला खोटा. आता ज्याला दुसरीकडं जायचा त्यानं जावा. मी हितंच बसनार हाय!"

मार्केटात एवढी शांतता मी बंदच्या दिवशीही ऐकली नव्हती.  दोन-तीन बायका खरंच पिशव्या घेऊन निघून गेल्या. माझ्या ओळखीच्या होत्या. खाली उतरले तेव्हा गोदू रागाने लाल झाली होती.

"काय गरज व्हती?" म्हणाली. "मी सांगितला व्हता ना, चोरला म्हनून? आता तुला कोन विचारनार?"

"नको विचारू दे. तुला कोनी चोर म्हनायचा नाय. मी सोडून."

कुमुदताई अजून तिथेच होत्या. पिशवी तशीच पुढे केलेली. मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे वर्गात पाठ न करता उत्तर द्यायचीस, तसंच चाललं होतं तर."

"हो, बाई."

त्यांनी पिशवी माझ्यापुढून काढली नाही. थोडीशी डावीकडे सरकवली, आमच्या दोघींच्या मधोमध. "मग आज दोघींनी मिळून सांगा."

गोदू माझ्याकडे बघेना. पण तिने माझ्या पाटीतला एकेक बांगडा उचलून नाकाशी नेला, आणि चार काढून माझ्यापुढे आपटले. मी त्यांचे कल्ले बघितले. लालभडक होते.

२९ ऑगस्ट, बुधवार

काल ताहिराबाईंकडे जाऊन आले. चार बाटल्या नाकाशी धरल्या. तीन कोऱ्या. चौथीला वाटलं की काहीतरी आहे, लांबून कोणी हाक मारल्यासारखं. लवंग होती म्हणे. त्या म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे, पण मी लिहून देणार नाही. म्हटलं, देऊ नका. माझं मी बघीन.

रात्रीपर्यंत थांबले नाही, आल्या आल्या ही डायरी पहिल्यापासून वाचली. पाणी गळत नसलेला पत्रा वाचला. मांजर न येणं वाचलं, ते माझ्या जरबेने नव्हे, डावीकडून सरकून आलेल्या पाटामुळे. पालथ्या पाटावरची नसलेली धूळ वाचली. लाज वाटली. ती पानं फाडावीत असं मनात आलं, पण फाडणार नाही. दिसत नाही ते लिहा म्हणाले होते, मी पानंच्या पानं लिहिलंय.

आज लवकर मार्केटात गेले. गिऱ्हाईक पूर्वीच्या निम्मं आहे. व्यापारी आता मला बघून हसतात, गोदू लिलावात माझ्यासोबत उभी राहते तेव्हा हसायचे थांबतात. मी ओटा धुतला, पाट घेतला आणि गोदू यायच्या आत दोन हात डावीकडे सरकवून बसले. उजवीकडे भिंतीशी चांगली मोठी जागा मोकळी पडली. पडू दे.

गोदू आली. पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कमरेवर हात ठेवला.

"काय गं, माज्या ओट्यावर डोला हाय काय तुजा?"

"हाय," मी म्हटलं.